‘कॅट तपासायला द्या’ म्हणणारी जाहिरात

जादूचं साहित्य ऑनलाइन मागवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. त्यातही हातचलाखीची गोडी नुकतीच लागलेल्यांसाठी, कारण ट्रेलर बघून सगळ्यात आधी भुलतात ते तेच.

मी भुललो त्या पत्त्यांच्या प्रयोगाच्या जाहिरातीत म्हटलं होतं: प्रेक्षक मनात कोणताही पत्ता धरतो. जादूगार कॅटला, म्हणजे पत्त्यांच्या जोडाला, हातही लावत नाही. पत्ता कॅटमधून नाहीसा होतो आणि सुरुवातीपासून टेबलावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेल्या बंद डबीत सापडतो. साथीदार नाही, फोर्स (म्हणजे नकळत ठरलेलाच पत्ता निवडायला लावणं) नाही, अवघड हातचलाखी नाही. कॅट आणि डबी दोन्ही खुशाल तपासायला द्या. सोबतच्या व्हिडिओत एक मुलगी “किलवर सत्ती” म्हणते, डबी उघडते आणि ती किंचाळून मागे सरकते. झालं, मागवलं.

पार्सलमध्ये एक कॅट आला, एक पत्र्याची डबी आली आणि शिकवणीच्या व्हिडिओची लिंक आली. प्रयोगाची पद्धत मी इथे फोडणार नाही. पण जाहिरातीतलं एकेक वाक्य शिकवणीशी ताडून बघितलं, तेव्हा सरळ सरळ खोटी वाक्यं फार थोडी निघाली. खरी गोम तिथेच आहे.

‘मनात कोणताही पत्ता धरतो.’ धरतो, पण त्याआधी कॅट त्याच्या डोळ्यांसमोरून फर्रकन फिरवलेला असतो आणि एवढ्यात नजरेत भरतात ते मोजकेच पत्ते. त्यातला हवा तो आला तर डबी उघडायची. भलताच आला तर काय? त्यासाठी शिकवणीत ‘पर्यायी शेवट’ आहेत. त्यात डबीचं नावही काढायचं नाही, पत्ता ओळखून दाखवायचा आणि वेळ मारून न्यायची. तो शेवट ट्रेलरमध्ये अर्थातच नाही. ‘कॅटला हात लावत नाही’ हे पत्त्याचं नाव घेतलं जातं त्या क्षणापुरतं खरं. आधी आणि नंतर भरपूर हात लागतो. डबी सुरुवातीपासून टेबलावर असते, हेही खरं. तिच्यात तेव्हा काय असतं, याबद्दल जाहिरात चकार शब्द काढत नाही.

आणि ‘तपासायला द्या’? प्रयोग ज्या कॅटने होतो तो जन्मात कुणाच्या हातात देता येणार नाही. द्यायचा तो दुसरा, साधा कॅट, जो पार्सलमध्ये नव्हताच. मधल्या मध्ये दोन्हींची अदलाबदल करायची. ती कशी करायची? शिकवणारे गृहस्थ कॅमेऱ्याकडे बघून हसतात आणि सांगतात, “इथे तुमच्या आवडीच्या पद्धतीने कॅट बदला.” बस्स, पुढचा भाग सुरू. ज्यांनी पत्ते हाताळलेत त्यांना कळेल की या प्रयोगातलं सगळ्यात कठीण काम त्या एका वाक्यात उरकलंय. लोकांच्या नाकासमोर सबंध कॅट बदलायला माणसं वर्षानुवर्षं घासतात. जाहिरातीत मात्र ‘अवघड हातचलाखी नाही’!

अटी आणखीही आहेत. टेबलाशी बसूनच करायचं, अंगात कोट हवा, डाव्या बाजूला कुणी नको, मागे तर नकोच. चार माणसं गोल करून बसली की हा प्रयोग संपला.

हे कळल्यावर ट्रेलर पुन्हा बघितला. मुलगी पत्त्याचं नाव घेते, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर जातो. आवाज सलग चालू असतो, त्यामुळे मध्ये काही कापलंय असं वाटतच नाही. कॅमेरा टेबलावर परत येतो तेव्हा मघाशी डावीकडे ग्लासच्या पलीकडे असलेली डबी जादूगाराच्या उजव्या हाताशी आलेली असते. एवढं एकच दृश्य थांबवून बघा, बाकी काही बघायची गरज नाही.

विक्रेत्याला लिहिलं. उत्तर ठरलेलं होतं: रहस्य उघड झाल्यावर पैसे परत मिळत नाहीत. या नियमात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. जादूच्या पद्धतीला गुप्ततेखेरीज फारसं संरक्षण नसतं. बाई करवतीने कापण्याच्या प्रयोगाचं पेटंट होरेस गोल्डिन या जादूगाराने 1923 मध्ये घेतलं. पुढे एका सिगारेट कंपनीने तीच युक्ती जाहिरातीत छापली. गोल्डिन कोर्टात गेला आणि 1938 मध्ये हरला, कारण पेटंट घेताना युक्ती त्यानेच जगजाहीर केलेली होती. म्हणून रहस्य विकणारा माल परत घेत नाही, इथवर समजू शकतो. पण माझी तक्रार रहस्य आवडलं नाही अशी नव्हतीच. वर्णनात जे लिहिलंय ते पार्सलमध्ये नाही, अशी होती.

मग प्रतिक्रिया लिहिली: कॅट तपासायला देण्याआधी बदलावा लागतो. दुसऱ्या दिवशी ती गायब. कारण काय, तर ‘पद्धत उघड होते’. बाकीच्या प्रतिक्रिया नीट वाचल्या तर त्या ‘डबीचा दर्जा उत्तम’, ‘कल्पना भन्नाट’ अशाच. फसलेले बरेच असणार, पण गुप्तता पाळायची हे आपल्या हाडीमाशी इतकं खिळलेलं असतं की कुणी बोलत नाही. ज्या शपथेने कला जपायची, तिच्याच आडोशाने हा धंदा चालतो.

काही जण म्हणतात, जादूवाल्याच्या जाहिरातीत थोडी थापेबाजी चालायचीच. चालते ना, प्रेक्षकांसमोर. हाच करवतीचा प्रयोग सेल्बिट या जादूगाराने 1921 मध्ये लंडनमध्ये पहिल्यांदा आणला, तेव्हा थिएटरबाहेर गटारात रक्तासारखं लाल पाणी ओतायला माणसं ठेवली होती. प्रेक्षक तिकीट काढतो तोच फसवून घ्यायला. मी मात्र प्रयोग विकत घेत होतो. माझ्या गळ्यात ट्रेलरच मारला, तर उद्या मी लोकांसमोर काय करू?

तेव्हा विकत घेण्याआधी विक्रेत्याला पद्धत विचारू नका, अटी विचारा. अटी सांगितल्याने कुठलंही रहस्य फुटत नाही. प्रयोग उभ्याने होतो का? बाजूला माणसं चालतात का? प्रेक्षकाने भलताच पत्ता सांगितला तर शेवट हाच होतो का? तपासायला द्यायची वस्तू तीच असते का? पुन्हा करायला किती वेळ लागतो? आणि न कापलेला, एका दमात चित्रित केलेला प्रयोग कुठे बघायला मिळेल? नीट माल विकणारे या प्रश्नांची उत्तरं देतात, असा माझा अनुभव आहे. मला कोट नसलेल्या माणसाला हा प्रयोग जमेल का, एवढंही या विक्रेत्याकडून कळलं नाही.

आणखी एक. पैसे भरण्याआधी जाहिरातीच्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा आणि ट्रेलरही उतरवून ठेवा. माझ्या तक्रारीनंतर ‘अवघड हातचलाखी नाही’च्या जागी गुपचूप ‘थोडा सराव आवश्यक’ आलं, आणि जुनं वाक्य दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. ट्रेलर तोच आहे.