सहा महिने स्मार्ट मोजा वापरला, मशीन ठीक, पण पायावरच्या चौकोनाचं काय?

स्मार्ट मोजा म्हणजे झोपलेल्या बाळाच्या पायात घालायचा, सेन्सरने नाडी आणि ऑक्सिजन मोजणारा मोजा. पल्स, ऑक्सिजन, ॲप, चार्जिंग हे सगळं तुम्ही आधीच वाचलेलं असणार, त्यात शिरत नाही. बॅटरी रात्रभर पुरते, खोटे अलार्म सहा महिन्यांत तीनदा. छान. मला बोलायचंय ते लाल चौकोनाबद्दल. लेकीच्या डाव्या पायावर, करंगळीच्या बाजूला, बरोबर सेन्सरच्या मापाचा. मार्चमध्ये पहिल्यांदा दिसला तेव्हा मला वाटलं डास चावला, आणि डास चौकोनी चावत नाही हे लक्षात यायला दोन दिवस गेले (झोपच नव्हती हो).

मोजा दिरांनी न्यू जर्सीहून आणला, तीनशे डॉलरच्या वर. सासूबाईंना रुपयात आकडा अजून सांगितलेला नाही. त्यामुळे कोणी "मग नका ना वापरू" म्हटलं की माझं डोकं फिरतं, एवढे पैसे अक्षरशः पायात घातलेत, असे कसे सोडून देऊ? डॉक्टर तर पहिल्यापासून म्हणतायत की धडधाकट बाळाला हे लागतच नाही, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते की असल्या घरगुती मॉनिटरच्या भरवशावर राहू नका. पटतं. रात्री दोन वाजता पटत नाही.

कंपनीच्या चॅटवर चार दिवस एकच उत्तर, "एक बोट जाईल इतकं सैल बांधा." बांधलंय बाबा! मग विचारलं, खोक्यावर 'त्वचेसाठी टेस्टेड' छापलंय, ती टेस्ट नक्की केली कशावर? तर म्हणे माहिती गोपनीय आहे.

मग धाकट्या बहिणीला पकडलं, ती फार्मात टेस्टिंगला आहे. तिने सांगितलं ते असं, की वस्तूचे तुकडे मिठाच्या पाण्यात आणि तिळाच्या तेलात भिजत ठेवतात, त्यात जे काही उतरेल ते माणसाच्या पेशींपासून लॅबमध्ये वाढवलेल्या कातडीवर घालतात, निम्म्या किंवा त्याहून कमी पेशी जिवंत राहिल्या तर माल इरिटंट, म्हणजे कातडीला त्रास देणारा. हे आयएसओ 10993 मधलं, म्हणजे वैद्यकीय उपकरणं शरीराला त्रास देतात का ते तपासायच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतलं, भाग 23, 2021 साली आलेला. आधी यासाठी ससे लागायचे, आता बऱ्याचदा लागत नाहीत. ॲलर्जीची टेस्ट वेगळी, भाग 10. फोन स्पीकरवर होता, सासूबाई लगेच, "तिळाचं तेल त्यांना चालतं, मग आमच्या मालिशीलाच का नावं?"

पण ताई, बहीण म्हणाली, ही टेस्ट मटेरियलची असते, वापराची नाही. घाम, दाब, दहा तास बंद राहिलेली कातडी हे त्यात येत नाही. आणि तान्ह्या बाळाच्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मोठ्यांपेक्षा साधारण 30 टक्के पातळ. 2014 मध्ये फिटबिटने फोर्स नावाचा बँड परत मागवला होता, पुरळाच्या साधारण 9,900 तक्रारी, कारण काय तर स्टीलमधलं निकेल नाहीतर गोंद. ती तर मोठ्या माणसांची मनगटं होती! हे ऐकून माझी खात्रीच झाली की प्लास्टिक भिकार आहे.

म्हणून वही केली. तारीख, कोणता पाय, किती तास, तेल लावलं का, मोजा कधी धुतला. लाली 0 ते 4, लॅबवाले देतात तशीच. डॉक्टरांची एकच कसोटी, मोजा काढल्यावर चौकोन अर्ध्या तासात गेला तर दाबाचा वळ, संध्याकाळपर्यंत राहिला तर दाखवायला आणा. सेन्सर मी स्वतःच्या दंडाला आतून दोन दिवस बांधून बघितला, काही झालं नाही, नवरा मात्र दोन दिवस हसत होता.

आणि इथे मला माझे शब्द गिळायला लागतायत. महिन्याभराच्या वहीत 2 च्या वर लाली फक्त दोन प्रकारच्या रात्री. एक, संध्याकाळी मालिश करून तेलकट पायावरच मोजा चढवला ती. दुसरी, जूनमधली, वटपौर्णिमेच्या आसपास आमच्या डोंबिवलीत पाऊस सुरू झाला आणि मोजा पंख्याखाली वाळवायला लागला तेव्हाची. वरून कोरडा लागायचा, पण सेन्सरच्या खिशाची शिवण गालाला लावून बघितली तर गार. बाकी रात्री 0 नाहीतर 1, वीस मिनिटांत साफ. म्हणजे प्लास्टिक निर्दोष, ओल आणि तेल गुन्हेगार. आता मालिश सकाळी, मोजा दोन धुण्यांमध्ये पूर्ण दिवस वाळतो, पाय रोज बदलतो. चौकोन गेला.

तरी एक स्टार कापणारच. दमट हवेत कापड कसं वाळवायचं, तेल लावलेल्या पायाचं काय, याची एक ओळ त्या जाडजूड माहितीपुस्तकात नाही. आणि एवढ्या पैशात मोज्याचं कापड प्रत्येक साइजचं एकच, दुसरं हवं तर विकत घ्या!

चॅटवरच्या भांडणाचं फळ मात्र अचानक मिळालं, गेल्या आठवड्यात त्यांनी कापडी मोज्यांचा नवा सेट फुकट पाठवला. फक्त अमेरिकेतच पाठवतात, त्यामुळे तो दिरांच्या कपाटात पडलाय. दिवाळीत ते येतील तेव्हा आणतील. वहीच्या मागच्या पानावर लेकीच्या पावलाचं मापही लिहिते मी, आणि तो साइज तिला फार तर गणपतीपर्यंत होईल.