स्प्रिंगच्या रायफलवर पीप साइट बसवून घेण्याआधी हे वाचा

शालेय एअर रायफल नेमबाजीत ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम धरायची) आणि पीप साइट (मागच्या बारीक भोकातून नेम धरायची) असे दोन वेगळे गट असतात. मूल ओपन साइटवर चांगलं खेळायला लागलं की पीपचा विषय निघतो, आणि तिथे आपल्यासारख्या घरांची अडचण होते. हवेच्या सिलिंडरवर चालणारी परदेशी मॅच रायफल लाखाच्या पुढे जाते. मग कुणीतरी सुचवतं, आहे त्या स्प्रिंगच्या रायफलवरच पीप बसवून घ्या. नीट केलं तर ते होऊ शकतं. पण इथे इंदूरमध्ये हे काम करून देणाऱ्या एकानं माझ्या मुलीची रायफल नासवली. तशी आणखी कुणाची नासू नये म्हणून सगळं लिहितो आहे.

माणूस मराठी. रामबागेत राहतो म्हटल्यावर म्हणाला, "मग काका, आपल्या माणसाकडून मी काय कमावणार!" मागची डायऑप्टर (म्हणजे भोकाची पीप साइट), नळीच्या टोकावरची रिंगवाली माशी (पुढची साइट) आणि बसवण्याची मजुरी मिळून साडेअकरा हजार. पावती म्हणजे एका चिठ्ठीवर "साइट फिटिंग" एवढेच दोन शब्द. स्प्रिंगच्या धक्क्याचं विचारलं तर उत्तर तयार होतं: "जर्मनीच्या जुन्या मॅच रायफलींनाही स्प्रिंगच होती की!"

हे खरं आहे, पण अर्धंच. फाइनवेर्कबाउ 300 एस या रायफलीला स्प्रिंगच होती. मात्र बार होताच तिची नळी आणि यंत्रणा कुंद्यावरच्या रुळांवर मागे सरकते आणि धक्का तिथेच जिरतो. आपल्या साध्या, नळी मोडून (म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून) छर्रा भरायच्या रायफलीत ती सोय नसते. ट्रिगर ओढला की स्प्रिंगच्या जोरानं आतला जड पिस्टन पुढे झेपावतो आणि रायफल मागे येते. पिस्टन टोकाशी दाबल्या गेलेल्या हवेवर आदळून थांबतो, तेव्हा तीच रायफल जोरात पुढे हिसका खाते. या दुसऱ्या हिसक्याला वर नुसती आवळलेली साइट मागे राहते, म्हणजे रायफलीवरच्या ज्या खाचेत ती बसवतात त्या खाचेत केसभर मागे सरकते. प्रत्येक छर्‍याला थोडी थोडी, आणि सरकता सरकता तिरकीही होते. दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथे असली साइट काय कामाची? म्हणून साइटच्या मागे घट्ट अडणारी स्टॉप पिन लागते. आम्हाला दिलेल्या साइटला ती नव्हतीच.

दुकानात त्यानं चार-पाच छर्रे मारून दाखवले, सगळे एका जागी. सरकायला वेळच मिळाला नव्हता, मग दिसणार काय? रेंजवर मात्र छर्रे हळूहळू भटकायला लागले. परत नेली तर पिस्टनचा वॉशर गेलाय, त्याचे वेगळे पैसे. पुढच्या खेपेला स्प्रिंग दमली आहे, त्याचे आणखी. जुना वॉशर, जुनी स्प्रिंग परत दिली नाही, "फेकून दिली" म्हणाला. आणि मग माझ्यासमोर मुलीला म्हणाला, "बेटा, रायफल ठीक आहे, तुझाच खांदा हलतो." पोरीला ते खरं वाटलं. ती गप्प गप्प राहून तासन् तास पोझिशन सुधारत बसायची. गेलेल्या पैशांपेक्षा मला या एका वाक्याचा संताप जास्त आहे.

खरं कळलं ते महूच्या एका निवृत्त फौजी आर्मररमुळे, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्यामुळे. त्यांनी काही खोललं नाही. साइटच्या अगदी पुढच्या कडेला लागून खाचेवर पेन्सिलीची बारीक रेघ मारली आणि मुलीला सराव करू दिला. थोड्या वेळानं रेघ आणि साइट यांच्यात उघडं लोखंड दिसत होतं. ही तपासणी फुकटात होते. दुकानातून रायफल उचलण्यापूर्वीच करा, आणि चार-पाच छर्‍यांवर समाधान मानू नका, डबीतले भरपूर छर्रे उडवा.

आम्ही दुकानात ती रेघ दाखवायला गेलो, तर त्यानं रायफल ठेवून घेतली आणि साइट अडवायला न विचारता पिस्टनच्या नळकांड्याला भोक पाडून त्यात स्क्रू पिळला. साइट सरकायची थांबली, पण नळी मोडताना आतून खरखर यायला लागली. आर्मररसाहेबांनी उघडलं तेव्हा पिस्टनवर लांबलचक ओरखडा होता. स्क्रूचं टोक आत घासत होतं. ज्या नळकांड्यात पिस्टन धावतो त्याला ड्रिल लावायची परवानगी कुणालाही देऊ नका.

माशीच्या उंचीतही लबाडी होती. डायऑप्टर तळाला नेली तरी छर्रे आठ सेंटिमीटर वर लागत. हिशोब सोपा आहे: चूक गुणिले दोन साइटमधलं अंतर, भागिले टार्गेटचं अंतर. आमच्या रायफलीत साइटमधलं अंतर 70 सेंटिमीटर, म्हणजे माशी होती त्याहून साधारण साडेपाच मिलिमीटरनं उंच हवी होती. त्यानं हाताला आली ती चिकटवून दिली होती, तीही जरा कललेली.

पक्कं बिल नसलं तरी यूपीआयनं दिलेल्या पैशांची नोंद असते. तिच्या आधारानं मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 या क्रमांकावर, तक्रार नोंदवली आहे. तिथे निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार; त्यासाठी घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. तक्रारीनंतर त्याचा फोन आला, "काका, भोक वेल्डिंग करून बुजवून देतो." ते मी करू दिलेलं नाही. वेल्डिंगच्या उष्णतेनं नळकांडं आतून वाकडं झालं की पिस्टन कधीच सरळ धावत नाही, आणि भोकाचा पुरावाही जातो.