‘द निगोशिएटर’: जून ते फेब्रुवारी, दोनदा वाचून आणि एकदा सांगून

गेल्या जूनमध्ये शाळा उघडल्या त्या आठवड्यात ही कादंबरी हातात घेतली. आता फेब्रुवारी संपत आलाय. मधल्या काळात ती एकदा सावकाश वाचली, एकदा भराभर वाचली आणि एकदा इंग्रजी न येणाऱ्या माझ्या सासूबाईंना रोज थोडी थोडी करून पूर्ण सांगितली. पहिल्या वाचनाच्या भरात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. आता तिच्यातलं काय टिकलं आणि काय फिकं पडलं, दोन्ही सांगता येईल.

डी हेंडरसन या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी २००० साली आली. ओमॅली मालिकेतली ती पहिली. शिकागो शहर. केट ओमॅली ही ओलीस धरलेल्या माणसांना सोडवण्यासाठी गुन्हेगाराशी बोलणी करणारी पोलीस अधिकारी. एक माणूस बॉम्ब घेऊन बँकेत शिरतो, लोकांना अडकवून ठेवतो आणि केट त्याच्याशी बोलायला जाते. अडकलेल्यांमध्ये एफबीआयचा डेव्ह रिचमन आहे. तिथून दोघांची ओळख. पुढे विमानात स्फोट होतो, तपास सुरू होतो आणि त्या तपासाचे धागे केटच्या स्वतःच्या आयुष्यापाशी येऊन पोचतात. याहून जास्त कथानक सांगणार नाही. रहस्यकथेचं अर्धं सुख हिरावून घेण्यात अर्थ नाही.

मी नंदुरबारहून चिंचपाड्याकडे अपडाऊन करते. सुरत-भुसावळ लाईनवरची पॅसेंजर, जाताना एक झोप आणि येताना एक पुस्तक, असा माझा बरीच वर्षं शिरस्ता. ही कादंबरी सुरू झाली आणि जातानाची झोप गेली. भाषा सोपी आहे, वाक्यं छोटी आहेत आणि निम्म्याहून जास्त पुस्तक संवादांनी चालतं. बारावीपर्यंतचं इंग्रजी ज्याला नीट येतं त्याला शब्दकोश उघडावा लागणार नाही. सुरुवातीच्या पन्नासेक पानांत मात्र माणसांची गर्दी होते. सात भावंडं, प्रत्येकाचा वेगळा पेशा. मी पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवलं: मार्कस यू.एस. मार्शल (म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारचा पोलीस अधिकारी), केट बोलणी करणारी, लिसा शवचिकित्सक, जॅक अग्निशामक दलात, रेचल मानसोपचाराच्या कामात, स्टीफन पॅरामेडिक, जेनिफर मुलांची डॉक्टर. तुम्हीही तेवढं करा, पुढे त्रास होणार नाही.

ही सातही जणं रक्ताची भावंडं नाहीत. अनाथालयात वाढलेल्या सात मुलांनी एकमेकांना आपलं मानलं आणि मोठेपणी एकच आडनाव घेतलं. मालिकेचा सगळा जीव या एका गोष्टीत आहे. मला वाचताना ती छान वाटली. सासूबाईंना सांगताना ती किती खरी आहे ते कळलं. त्यांचं माहेर साक्री तालुक्यातलं, पण लहानपण गेलं मिशनच्या बोर्डिंगमध्ये. तिथल्या चार-पाच बायका आजही एकमेकींच्या लेकरांच्या लग्नात मावशी म्हणून उभ्या राहतात, आहेर मावशीचाच करतात. ओमॅलींबद्दल ऐकल्यावर सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘बोर्डिंगच्या पोरी अशाच असतात. एकीला ताप आला की कोणाच्याच डोळ्याला डोळा लागत नाही.’’ लेखिकेने हे नातं कल्पनेने रचलं असेल, पण ज्या बाईने ते जगलंय तिने ते खरं म्हटलं. माझ्या लेखी या पुस्तकाची यापेक्षा मोठी परीक्षा नाही.

आता मुख्य मुद्दा. ख्रिस्ती कादंबऱ्या मी तरुणपणापासून वाचत आले आहे आणि बऱ्याच वेळा शेवटच्या प्रकरणात माझं मन उतरतं. शंका घेणारं पात्र दोनशे पानं शंका घेतं आणि शेवटी एका रात्रीत, एका प्रार्थनेत सगळं सुटतं. साक्ष म्हणून ते ठीक असेल, गोष्ट म्हणून पटत नाही. ‘द निगोशिएटर’ वेगळी आहे ती इथे. डेव्ह ख्रिस्तावर विश्वासणारा आहे, केट नाही. त्याचा जीव तिच्यावर जडतो आणि त्याच वेळी त्याला कळतं की ज्या गोष्टीवर आपलं आयुष्य उभं आहे ती तिच्याजवळ नाही. तो पाऊल मागे घेतो. तिला मात्र सोडत नाही. तिचे प्रश्न ऐकतो, येतं तेवढं उत्तर देतो आणि थांबतो. दुसरीकडे धाकट्या जेनिफरला कॅन्सर झालाय. ती नुकतीच विश्वासात आलीय आणि भावंडांनी बायबलमधलं लूककृत शुभवर्तमान वाचावं असं तिला वाटतं. केट वाचते ती बहिणीच्या प्रेमाखातर, धर्माच्या ओढीने नव्हे. तिच्यासारखी बाई रोज गुन्हेगार पाहते, तिला न्याय हवा असतो. क्षमेची गोष्ट तिच्या घशाखाली सहज कशी उतरेल? लेखिका तो घास तिच्या घशात कोंबत नाही.

दुसऱ्या वाचनात मला दिसलं की केटचा पेशा आणि तिचा विश्वासाकडचा प्रवास, दोन्हींची रीत एकच आहे. ओलीस सुटावेत म्हणून बोलणारा माणूस सगळ्यात आधी वेळ मिळवतो. समोरच्याला बोलतं ठेवायचं, घाई करायची नाही, पाळता येणार नाही असा शब्द द्यायचा नाही. या कामाचं शास्त्र तसं अलीकडचं. १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये इस्रायली खेळाडूंना ओलीस धरून मारलं गेलं, त्यानंतर १९७३ मध्ये न्यूयॉर्क पोलिसांनी अशी बोलणी करणारं खास पथक उभं केलं. दरवाजा फोडून आत घुसण्याआधी ऐकून घ्या, हा त्यातला मोठा धडा. केट हे दुसऱ्यांसाठी करते आणि डेव्ह व जेनिफर तेच तिच्यासाठी करतात. पुस्तकात हे कुठेही असं लिहून ठेवलेलं नाही, आपोआप उमगतं, म्हणून जास्त भिडतं.

आपल्याकडच्या वाचकांना हा विषय परका वाटू नये. मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते ती ‘यमुनापर्यटन’ १८५७ची, बाबा पदमनजींची, म्हणजे एका ख्रिस्ती लेखकाची. आणि नवरा-बायकोच्या मध्ये विश्वास येऊन उभा राहतो तेव्हा काय होतं, हे लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्याला मी काय सांगू! त्यांचे पती कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली पाच वर्षं केवढी होती, आणि लक्ष्मीबाई आल्या त्या स्वतःच्या पायांनी, स्वतःचा सोवळ्याओवळ्याचा गुंता स्वतः सोडवत. नवऱ्यामागून फरफटत आल्या नाहीत. केट आणि डेव्हची गोष्ट वाचताना मला सारखी ती पाच वर्षं आठवत होती. अर्थात ‘स्मृतिचित्रे’ जगलेलं आयुष्य आहे आणि ही करमणुकीची कादंबरी, दोन्ही एका पारड्यात टाकत नाही. पण खरी गोष्ट वेळ घेते, एवढं दोन्हींत सारखं आहे.

प्रेमकथा म्हणून कशी आहे? संयमी आहे आणि त्यामुळेच गोड आहे. दोघांचं एकमेकांना जपणं, उशिरा रात्री फोनवर बोलणं, दमून आलेल्या केटसमोर डेव्हने प्रश्न न विचारता बसून राहणं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या हाती निर्धास्त द्यावं इतकं स्वच्छ पुस्तक आहे. हिंसा आहे, पण ती चवीने रंगवलेली नाही.

डिसेंबरपासून सांगण्याचा कार्यक्रम सुरू झाला. सासूबाईंना लूककृत शुभवर्तमान जवळजवळ पाठ आहे, इंग्रजी मात्र एक अक्षर येत नाही. रोज जेवणानंतर एक-दोन प्रकरणं मी मराठीत सांगायची. पहिली अडचण ‘निगोशिएटर’ शब्दाचीच. मध्यस्थ म्हटलं तर भांडण मिटवणारा वाटतो. शेवटी ‘बोलणी करणारी’ म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या, ‘‘मग बरोबर. सोयरिकीच्या बोलणीलाही जो कमी बोलतो आणि जास्त ऐकतो त्यालाच पुढे बसवतात.’’ तोच शब्द मी शेवटपर्यंत ठेवला. बॉम्ब, एफबीआय, तपास यांत त्यांना फारसा रस नव्हता. त्यांचा सगळा जीव जेनिफरमध्ये. गावाबाहेर पथारींवर मिरच्या वाळत होत्या, वारा फिरला की घरात ठसका यायचा. वर्षाच्या तिखटाच्या मिरच्या घरी आल्यावर आम्ही दोघी देठ खुडत बसायचो आणि मी तोंड उघडण्याआधीच त्यांचा प्रश्न, ‘‘त्या पोरनं काय व्हयनं?’’ एका संध्याकाळी मी जेनिफरचं प्रकरण वगळून थेट तपासावर गेले. त्यांनी मिरच्यांची पाटी बाजूला सारली आणि तिच्यासाठी प्रार्थना केली. कादंबरीतल्या मुलीसाठी. मी त्यांना थांबवलं नाही.

दोषही सांगते. शेवटच्या एक तृतीयांश भागात योगायोग फार जुळून येतात. गुन्ह्याचा धागा केटच्या भूतकाळाला इतका नेमका जाऊन चिकटतो की रहस्यकथा पुष्कळ वाचणाऱ्याला तो आधीच दिसेल. पहिल्या वाचनात मी वेगात होते म्हणून खटकलं नाही, दुसऱ्यांदा नक्की खटकलं. डेव्ह जरा जास्तच चांगला आहे. श्रीमंत, शूर, विश्वासू आणि कधी न चिडणारा. एखाद्या प्रसंगी तो चुकला असता, त्याने केटला काही लागेल असं बोलून टाकलं असतं, तर मला तो अधिक आवडला असता. आणि काळाचा फरक आहे. २००१च्या सप्टेंबरमधल्या हल्ल्यांच्या आधीचं हे पुस्तक, त्यामुळे विमानाचा सगळा भाग आज वाचताना जुन्या जगातला वाटतो. मोबाईलचं तर विचारायलाच नको, माणसं अजून पेजरवर निरोप घेतात. याचा मला त्रास झाला नाही, पण आजच्या तंत्रज्ञानाची धावपळ शोधणाऱ्याने ही कादंबरी घेऊ नये. ज्याला उपदेशाचा शब्दही नको त्यालाही ती जड जाईल. प्रार्थना, वचनं, विश्वासावरची बोलणी यात खुलेपणाने आहेत आणि ती काढली तर पुस्तक उरणार नाही.

शेजारच्या बी.एस्सी.ला असलेल्या मुलीला मी ऑक्टोबरमध्ये दिलं होतं. ती ख्रिस्ती नाही. चार दिवसांत परत घेऊन आली आणि म्हणाली, काकू, केटचे प्रश्न माझेच आहेत, फक्त देवाचं नाव वेगळं. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका ताईंना मात्र आवडलं नाही. त्यांच्या मते पुस्तक गुन्ह्यात फार वेळ घालवतं. दोन्ही मतं मी इथे ठेवते, कारण दोघीही जाणत्या वाचक आहेत.

एक गोष्ट लिहू की नको, असा बरेच दिवस विचार केला. माझी मुलगी नाशिकला नर्सिंगला आहे. दोन वर्षांपूर्वी तिने रविवारच्या उपासनेला जाणं थांबवलं. वॉर्डात एक लहान मूल गेलं, त्यानंतर. ती प्रश्न विचारायची आणि मी तिचं वाक्य संपायच्या आत वचन पुढे करायचे. मग तिने विचारणं सोडलं. पावसाळ्यात, खांडबारा गेल्यावर गाडी सिग्नलला उभी होती तेव्हा, केट डेव्हला अडचणीत टाकणारा प्रश्न विचारते आणि तो लगेच उत्तर देत नाही, असं एक पान वाचलं. पुस्तक मिटून मी खिडकीबाहेर बघत बसले. माझ्या मुलीला उत्तर नको होतं, आईने ऐकून घ्यायला हवं होतं. दिवाळीत ती आली तेव्हा मी तिला काही समजावलं नाही. फक्त विचारलं, त्या मुलाचं नाव काय होतं? ती रात्री दीडपर्यंत बोलत होती. परत जाताना टेबलावरून हे पुस्तक तिने स्वतः उचललं.

म्हणून जानेवारीत मला दुसरी प्रत मागवावी लागली, सासूबाईंची गोष्ट अर्धी राहिली होती.

पुढचं वाचायचं असेल तर क्रम असा: ‘द गार्डियन’, ‘द ट्रुथ सीकर’, ‘द प्रोटेक्टर’, ‘द हीलर’ आणि ‘द रेस्क्यूअर’. ही २००१ ते २००३ या काळात आली. त्यांच्याही आधी, १९९९ची ‘डेंजर इन द शॅडोज’ आहे, तिच्यात डेव्हच्या बहिणीची गोष्ट येते. काही जण तिथून सुरुवात करायला सांगतात. मी तसं सांगणार नाही. केटपासून सुरू करा, ओमॅली घरात आधी शिरा, मग मागे वळा. आणि पुस्तकाशेजारी लूककृत शुभवर्तमान ठेवा, मराठीतलं. केट जिथे वाचते तिथे तुम्हीही वाचा. पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा, घर सोडून गेलेला मुलगा बापाकडे परत येतो तो दाखला मी लहानपणापासून शंभरदा ऐकला असेन, पण बाप वाट पाहत होता, हाका मारत नव्हता, हे माझ्या ध्यानात या वर्षी आलं.

‘द गार्डियन’ मी मागच्या आठवड्यात संपवली. ती मार्कसची, केटच्या थोरल्या भावाची. मुलीने फोनवर तीच मागितली, पोस्टाने पाठवलीय. लूक वाचलास का, हे मी विचारलेलं नाही. सासूबाईंना मार्कसची गोष्ट उद्यापासून ऐकायची आहे, आणि त्यात जेनिफर आहे का, हे त्यांनी आजच तीनदा विचारून घेतलंय. आहे, असं सांगितलंय.