दिवाळी सेलमध्ये घेतलेला रेसिंग गेम: पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

ग्राफिक्स, एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम दिसतात ते) यावर सगळ्यांचं लिहून झालंय, तिकडे वळत नाही. माझ्या बेताच्या पीसीवर मीडियम सेटिंगला झकास चालतो आणि ओल्या रस्त्यावर गाडी घसरते ती खरीखुरी वाटते. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, भांडण अजून मिटलेलं नाही.

तक्रार एकच. करिअर मोड एकट्याने खेळायचा, समोर कॉम्प्युटरच्या गाड्या, तरी सुरू करताना सर्व्हरवर लॉगिन हवंच. जूनमध्ये आमच्या राजेंद्र नगरात खोदकामात फायबर तुटली. लाइट होती, पीसी चालू, गेम डिस्कवर ऐसपैस बसलेला, आणि स्क्रीनवर 'सर्व्हरशी संपर्क होत नाही'. खाली दोनच बटणं: पुन्हा प्रयत्न करा, बाहेर पडा. अरे भिया, मी एकटाच खेळतोय ना! तुझ्या सर्व्हरचं माझ्याकडे काय काम?

तेव्हा मी नेटवाल्याला शिव्या घातल्या आणि गेमला चार स्टार ठेवले. आता ते खाली आणतोय, कारण परवा मेल आला: येत्या मार्चअखेर सर्व्हर बंद. म्हणजे करिअर मोडही बंद.

कस्टमर केअरला विचारलं, निदान ऑफलाइन तरी करून द्या. उत्तरात गेम घेताना आपण मान्य करतो त्या कराराचा एक परिच्छेद जसाच्या तसा चिकटवला: परवाना मर्यादित, रद्द होऊ शकणारा, दुसऱ्याला न देता येणारा. मग चहा घेऊन अख्खा करार वाचला. लोकमान्य नगरातला भाचा केव्हापासून मागे लागलाय, 'मामा, तुझा खेळून झाला की मला दे.' देता येत नाही. सीडीच्या काळात जेल रोडवरून आणलेला गेम खेळून झाला की मित्राला अर्ध्या किमतीत खपवायचो. इथे पैसे पूर्ण, आणि खपवायचा मार्गच नाही.

हे पहिल्यांदा घडतंय असंही नाही. युबिसॉफ्ट या गेम कंपनीचा 'द क्रू' हा रेसिंग गेम 2014 साली आला, 31 मार्च 2024 ला त्याचे सर्व्हर बंद झाले आणि पुढे लोकांच्या लायब्ररीतून परवानाही काढून घेतला. त्यावरूनच यूट्यूबर रॉस स्कॉट यांनी 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी केली. युरोपातल्या त्यांच्या याचिकेने जुलै 2025 मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. सर्व्हर जन्मभर चालवा असं कोणी म्हणत नाहीये, जाताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडा, एवढंच मागणं आहे. आणि ते जमतं. ओरड झाल्यावर युबिसॉफ्टनेच 'द क्रू 2'साठी ऑफलाइन मोड जाहीर केला. मग माझ्या कंपनीला काय धाड भरलीय?

आपल्याकडचा कायदा बघितला तर आणखी डोकं फिरतं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 कायदेशीर प्रत असणाऱ्याला बॅकअप काढायची मुभा देतं. घ्या बॅकअप, बसा कवटाळून! लॉगिनलाच कोणी उत्तर देणार नसेल तर तो बॅकअप काय चाटायचा? 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने कराच्या एका मोठ्या खटल्यात म्हटलं की अशा करारांखाली विकलेल्या सॉफ्टवेअरचे पैसे म्हणजे रॉयल्टी नव्हे, ती मालाची विक्री. कराच्या हिशेबात माल, आणि गिऱ्हाइकाने हात लावला की परवाना. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली आहे.

कॅलिफोर्नियात 2025 पासून हे परवान्याचं प्रकरण पैसे घेण्याआधी ठळकपणे सांगावं लागतं. कायमचा डाउनलोड करून ऑफलाइन वापरता येणाऱ्या मालाला त्यातून सूट आहे. माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. म्हणून रागाच्या भरात जीओजी या ऑनलाइन गेम-दुकानातून एक जुना रेसिंग गेम घेतला, इथल्या एका पिझ्झाच्या किमतीत. परवाना तिथेही आहेच, पण इन्स्टॉलरची फाइल आपल्याला मिळते. ती एक्सटर्नल डिस्कवर उतरवली, राउटरची पिन काढली, इन्स्टॉल केलं. सुरू झाला! लॉगिन नाही, लोडिंगचं फिरणारं चाक नाही, थेट मेनू. ग्राफिक्स ओबडधोबड आहेत, गाड्या डब्यासारख्या दिसतात, पण रात्री दीड वाजेपर्यंत उठलो नाही.

यापुढे माझा हिशेब असा: एकट्याने खेळायचा गेम लॉगिन मागत असेल तर तो भाड्याचा समजायचा आणि भाड्याइतकेच पैसे द्यायचे. पाचशेच्या वर एक रुपया नाही, सेल असो नाहीतर नसो.

रेटिंग आता दोन स्टार, तेही त्या ओल्या रस्त्यासाठी. सर्व्हर बंद व्हायची तारीख कळवणाऱ्या कंपनीचाच काल दुसरा मेल आला, नव्या गाड्यांचा पॅक सवलतीत घ्या म्हणून. पीसीला जोडायचं स्टिअरिंग व्हील भाच्याला देऊन टाकणार होतो, पण जुन्या गेमलाही ते छान चालतंय. तेव्हा सध्या त्यालाच रविवारी मामाकडे यावं लागेल.