अर्ली डिसिजन, अर्ली अ‍ॅक्शन की रेग्युलर? अमेरिकेतल्या कॉलेजचा अर्ज कोणत्या फेरीत करावा

अमेरिकेत मूल अकरावीत गेलं की घरात कॉलेजांची यादी सुरू होते. नावं वाढत जातात, पण अर्ज कोणत्या फेरीत करायचा हा विषय बऱ्याच घरांत बारावीच्या ऑक्टोबरात, घाईगर्दीत निघतो. खरं तर तो अकरावीच्या उन्हाळ्यातच काढायला हवा. पैशांचं, परीक्षांचं आणि एसेचं, म्हणजे अर्जासोबतच्या निबंधांचं, सगळं वेळापत्रक फेरीवर अवलंबून असतं.

आधी तारखा. अर्ली डिसिजन म्हणजे ईडी आणि अर्ली अ‍ॅक्शन म्हणजे ईए. दोन्हींची मुदत बहुतेक ठिकाणी १ किंवा १५ नोव्हेंबरला संपते. ईडीचा निकाल डिसेंबरच्या मध्यावर लागतो, ईएचा कुठे डिसेंबरात तर कुठे जानेवारी उलटून गेल्यावर. रेग्युलरचे अर्ज साधारण जानेवारीच्या सुरुवातीला जातात, निकाल मार्चअखेरीला येतात आणि कुठे जायचं ते १ मेपर्यंत कळवायचं असतं.

तारखा सारख्या असल्या तरी ईडी आणि ईएमध्ये मोठा फरक आहे. ईडी एकाच कॉलेजला करता येते आणि प्रवेश मिळाला तर तिथे जायचंच, बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. कॉमन अ‍ॅपमध्ये (एकाच फॉर्मने अनेक कॉलेजांना अर्ज करायच्या ऑनलाइन सोयीत) त्यासाठी वेगळा करारनामा असतो आणि त्यावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा काउन्सेलर अशा तिघांच्या सह्या लागतात. करार मोडला म्हणून सहसा कोणी कोर्टात जात नाही. पण काउन्सेलरची सही म्हणजे शाळेने दिलेला शब्द असतो आणि पुढच्या वर्षी त्याच शाळेतल्या दुसऱ्या मुलांचे अर्ज त्याच कॉलेजकडे जायचे असतात. मिळालेली आर्थिक मदत पुरत नाही, हे एकच कारण सर्वत्र मानलं जातं.

ईडीकडे ओढा असतो तो प्रवेशाच्या टक्केवारीमुळे. अनेक खासगी कॉलेजांत ईडीतलं प्रवेशाचं प्रमाण रेग्युलरपेक्षा बरंच जास्त दिसतं. त्याचं एक कारण खरं आहे: नक्की येणारा विद्यार्थी कॉलेजला हवाच असतो. पण त्याच गटात खेळाडू म्हणून आधीच हेरलेली मुलं असतात, माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात. तुमच्या मुलाला मिळणारा फायदा त्या टक्केवारीत दिसतो त्यापेक्षा कमी असतो, हे धरूनच चाला.

आता पैसे. माझ्या मते निर्णय इथेच होतो. ईडीत दुसऱ्या कॉलेजचं पत्र हातात नसतं, त्यामुळे दोन ऑफर शेजारी ठेवून बघता येत नाहीत. म्हणून ईडीचा विचार असेल तर एक संध्याकाळ काढून त्या कॉलेजच्या संकेतस्थळावरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर भरा; मदत वजा जाता तुम्हाला किती खर्च येईल याचा अंदाज तो देतो. केंद्रीय मदत घेणाऱ्या कॉलेजांना तो ठेवणं २०११पासून कायद्याने बंधनकारक आहे. पगार, बचत, ५२९ खातं (शिक्षणासाठीचं बचत खातं), सगळं खरंखरं टाका. स्वतःचा व्यवसाय असेल किंवा आईवडील विभक्त असतील तर हा अंदाज बराच चुकू शकतो. अशा वेळी थेट फायनान्शियल एड ऑफिसला विचारा.

एक गोष्ट आपल्या लोकांच्या हमखास नजरेतून सुटते. फाफ्सा, म्हणजे केंद्रीय मदतीसाठी भरायचा फॉर्म, राहत्या घराची किंमत धरत नाही. पण बरीच खासगी कॉलेजं सीएसएस प्रोफाइल हा मदतीसाठीचा आणखी एक, जास्त तपशिलाचा फॉर्मही मागतात. त्यात राहत्या घरातली इक्विटी (कर्ज वजा जाता उरणारी किंमत) विचारतात आणि इतर स्थावर मालमत्ताही. भारतात घेऊन ठेवलेला फ्लॅट तिथे दाखवावा लागतो.

व्हिसाचा प्रश्न तर त्याहून मोठा. केंद्रीय मदतीसाठी मुलाचा दर्जा बघतात, आईवडिलांचा नाही. मूल अमेरिकेत जन्मलेलं, म्हणजे नागरिक असेल, तर आईवडील एच-वन-बीवर असले तरी ते फाफ्सा भरू शकतं. मूल एच-फोरवर, म्हणजे आईवडिलांच्या एच-वन-बीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर, असेल तर केंद्रीय मदत मिळत नाही आणि अनेक खासगी कॉलेजं त्याला आंतरराष्ट्रीय अर्जदार धरतात. आंतरराष्ट्रीय अर्जदाराने मदत मागितली तर त्याचा प्रवेशावर परिणाम होऊ न देणारी कॉलेजं मोजकीच आहेत; हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट ही त्यातली. अशा मुलाला मदतीची गरज असेल तर कॉलेजशी आधी बोलल्याशिवाय ईडीच्या करारावर सही करू नये, असं मी ठामपणे सांगेन.

ईएत हा गळफास नाही. अर्ज लवकर, निकालही तुलनेने लवकर, आणि निर्णय १ मेपर्यंत आपल्या हातात. सरकारी विद्यापीठांसाठी तर बहुतेक मुलांनी हीच फेरी धरावी, कारण काही ठिकाणी शिष्यवृत्तीचा विचार ईएच्या मुदतीत आलेल्या अर्जांचाच होतो. मुदती मात्र नीट बघा: जॉर्जिया टेकची ईएची तारीख राज्यातल्या मुलांसाठी ऑक्टोबरच्या मध्यावर असते, बाहेरच्यांसाठी नोव्हेंबरच्या सुरुवातीला. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्डची ईए बंधनकारक नसली तरी अटींची आहे. तिथे अर्ज केला की दुसऱ्या खासगी कॉलेजला अर्ली फेरीत जाता येत नाही, सरकारी विद्यापीठांना बहुतेक चालतं. कॅलिफोर्नियाची यूसी विद्यापीठं या सगळ्यापासून वेगळी: अर्ली फेरी नाही, कॉमन अ‍ॅप नाही, एसएटी ही प्रवेशपरीक्षा बघत नाहीत, अर्ज नोव्हेंबरअखेर.

रेग्युलर फेरीला उगाच दुय्यम समजतात. नववी-दहावीत ग्रेड्स घसरले आणि अकरावीपासून सावरले, अशा मुलाला बारावीचं पहिलं सत्र दाखवायची संधी इथेच मिळते. डिसेंबरची एसएटीही बहुतेक ठिकाणी चालते. आणि एसे सुधारतात. ‘हेच कॉलेज का’ या प्रश्नाला ऑक्टोबरात मूल लिहितं की इथले प्राध्यापक नामवंत आहेत, वातावरण प्रेरणादायी आहे. नाव बदललं तर हेच वाक्य कुठल्याही कॉलेजला लागू पडतं. तेच मूल दोन महिन्यांनी तिथली अभ्यासक्रमांची यादी वाचून लिहितं की दुसऱ्या वर्षातला नदीच्या गाळाचा फील्ड कोर्स मला का हवा आहे. वाचणाऱ्याला फरक लगेच कळतो.

थोडक्यात माझं मत असं: पहिली पसंती मनापासून पक्की असेल, कॅल्क्युलेटरचा आकडा कर्जाशिवाय झेपत असेल आणि अकरावीपर्यंतचे ग्रेड्स पुरेसे बोलके असतील, तरच ईडी. यातलं एकही डळमळीत असेल तर ईए आणि रेग्युलर. पसंती डिसेंबरात पक्की झाली तर ईडी टू, म्हणजे ईडीची दुसरी फेरी, आहे. बंधन तेच, मुदत जानेवारीच्या सुरुवातीला, निकाल फेब्रुवारीत. व्हँडरबिल्ट, एमरी, टफ्ट्स, जॉन्स हॉपकिन्स अशा ठिकाणी ती मिळते, आयव्ही लीगमध्ये नाही.

फेरी कोणतीही असो, शिफारसपत्रासाठी शिक्षकांना अकरावी संपायच्या आत विचारा. आणि ईडी केली असली तरी रेग्युलरचे अर्ज निकालाआधी तयार ठेवा. डिसेंबरात नकार आला किंवा अर्ज डिफर झाला, म्हणजे निर्णय रेग्युलर फेरीपर्यंत पुढे ढकलला, तर हातात जेमतेम दोन आठवडे उरतात, आणि त्यातला बराचसा काळ शाळा नाताळच्या सुट्टीत बंद असते.