स्मरणिकेचा मजकूर गोळा करताना: पेस्ट कसं करायचं, आणि कशात?

गणेश मंडळाची स्मरणिका असो, संस्थेचा वार्षिक अहवाल असो की छोटासा दिवाळी अंक, मजकूर कधीच एका ठिकाणाहून येत नाही. एक लेख व्हॉट्सॲपवर येतो, दुसरा वर्डच्या फाइलमध्ये, तिसरा कुणाच्या तरी ब्लॉगवरून उचलायचा असतो, चौथा पीडीएफमध्ये असतो आणि पाचवा एखाद्या ज्येष्ठ सभासदाने वीस वर्षांपूर्वीच्या फाँटमध्ये टाइप केलेला असतो. सगळं एका फाइलमध्ये चिकटवलं की पानाची दशा होते. अक्षरं तीन आकारांची, मध्येच करडी पार्श्वभूमी, ओळींमधलं अंतर कुठे दाट कुठे विरळ. मग कुणीतरी रात्री बसून एकेक परिच्छेद सरळ करतं. या कामाचा मोठा भाग टाळता येतो, फक्त निवड पेस्ट करण्याच्या क्षणीच करायला हवी. कुठली निवड कधी करायची आणि कुठल्या प्रोग्रॅममध्ये ती सोपी जाते, हे इथे शेजारी शेजारी ठेवून पाहतो.

आधी आतमध्ये काय घडतं ते पाहू. आपण कॉपी म्हणतो तेव्हा क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं तात्पुरतं ठेवण्याच्या जागेवर, त्याच मजकुराची अनेक रूपं एकदम जातात: एक एचटीएमएलमधलं (वेबपानाचं), एक आरटीएफमधलं (फाँट, ठळक वगैरे सजावटीसकट), एक निव्वळ अक्षरांचं. पेस्ट करताना समोरचा प्रोग्रॅम त्यातलं एक उचलतो. आपण काही सांगितलं नाही तर बहुधा तो सर्वांत नटलेलं रूप घेतो. म्हणजे तुमच्या फाइलमध्ये जी घाण येते ती मूळ मजकुरासोबत आलेली असते, आणि ती नको असेल तर दुसरं रूप मागावं लागतं.

वर्डचे तीन पर्याय

वर्डमध्ये पेस्ट केल्यावर मजकुराच्या शेवटी एक छोटं चिन्ह उमटतं. कंट्रोल दाबलं की ते उघडतं. त्यात तीन मुख्य पर्याय असतात: 'कीप सोर्स फॉरमॅटिंग', 'मर्ज फॉरमॅटिंग' आणि 'कीप टेक्स्ट ओन्ली'. लगेच के, एम किंवा टी दाबलं की काम झालं, माउस लागत नाही.

पहिला पर्याय, मूळ रूप जसंच्या तसं ठेवण्याचा, स्मरणिकेसाठी जवळजवळ कधीच घेऊ नये. त्याने फक्त फाँट येत नाही, तर मूळ फाइलमधल्या स्टाइलीही, म्हणजे शीर्षक, मजकूर वगैरेंच्या रूपाचे नाव देऊन साठवलेले साचेही, तुमच्या फाइलमध्ये शिरतात. वेबवरून आणलेल्या लेखाबरोबर 'नॉर्मल वेब' नावाची एक स्टाइल येते आणि परिच्छेदांच्या वर-खाली भलती मोकळी जागा सोडते. दहा लेखांनंतर स्टाइलींची यादी इतकी लांबते की तुमची स्वतःची शीर्षकाची स्टाइल शोधावी लागते. अपवाद एकच: हिशेबाचा तक्ता. जमाखर्चाचं कोष्टक दुसऱ्या फाइलमधून आणताना त्याच्या रेषा आणि रकान्यांची रुंदी टिकवायची असेल तर हाच पर्याय बरा.

तिसरा पर्याय, फक्त अक्षरं. स्वच्छ, विश्वासू, आणि निर्दय. ठळक शब्द साधे होतात, चित्रं गळतात, तळटिपा जातात, कोष्टकाचे रकाने टॅबने वेगळे केलेल्या ओळी होतात, यादीचे आपोआप पडणारे क्रमांक टाइप केलेले आकडे बनतात. कविता, पत्रं, आठवणी, शुभेच्छा यांना हे उत्तम. जिथे लेखकाने पुस्तकांची नावं तिरप्या अक्षरांत दिली आहेत किंवा काही वाक्यं मुद्दाम ठळक केली आहेत, तिथे मात्र हे वापरणं म्हणजे लेखकाचं काम पुसणं. ते परत आणायला मूळ लेख शेजारी उघडून शब्दाशब्दाने तपासावं लागतं.

मधला पर्याय, मर्ज, माझ्या मते सर्वांत कमी वापरला जाणारा आणि सर्वांत उपयोगाचा. तो फाँट, आकार, रंग तुमच्या फाइलचे घेतो, पण मजकुराच्या काही भागावरच ठळक किंवा तिरपं असेल तर ते ठेवतो. 'काही भागावरच' हे महत्त्वाचं. अख्खा उतारा ठळक असेल तर तो सजावट समजून सोडून देतो, आणि दहापैकी नऊ वेळा आपल्यालाही तेच हवं असतं. ब्लॉगवरचा लेख, ईमेलमधला वृत्तांत, दुसऱ्याने वर्डमध्ये पाठवलेलं मनोगत: सगळ्यांना मर्ज.

हीच सवय कायमची लावता येते. 'फाइल', मग 'ऑप्शन्स', मग 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'कट, कॉपी अँड पेस्ट' असा भाग आहे. तिथे त्याच फाइलमध्ये, दोन फाइलींमध्ये, स्टाइली भिडल्या तर (म्हणजे एकाच नावाची स्टाइल दोन्हीकडे वेगळी असेल तर) आणि इतर प्रोग्रॅममधून, अशा चार प्रसंगांसाठी चार वेगळे पर्याय ठरवता येतात. शेवटच्यावर मर्ज ठेवा. स्टाइली भिडल्या तर 'यूज डेस्टिनेशन स्टाइल्स' ठेवा: तळटिपा असलेला लांब लेख वर्डमधून वर्डमध्ये आणायचा असेल तर हाच मार्ग धरावा, कारण तळटिपा शाबूत राहतात आणि रूप तुमच्या अंकाचं होतं.

लेख वर्डमधून वर्डमध्ये आणताना आणखी एक गोष्ट. परिच्छेदाची रचना, म्हणजे समास, ओळींमधलं अंतर, संरेखन, ही परिच्छेदाच्या शेवटी असलेल्या अदृश्य खुणेत साठवलेली असते. कंट्रोल-शिफ्ट-८ दाबलं की ती दिसते. एखादा उतारा कॉपी करताना ती शेवटची खूण निवडीतून वगळली की निम्मा त्रास मुळातच येत नाही.

लिब्रेऑफिस रायटर आणि गूगल डॉक्स

मर्जसारखा मधला रस्ता या दोघांकडे नाही, आणि निवड करताना हा फरक मला सर्वांत मोठा वाटतो. दोन्हीकडे एक तर सगळं येतं, नाही तर फक्त अक्षरं येतात.

रायटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबलं की 'पेस्ट स्पेशल'ची चौकट उघडते आणि क्लिपबोर्डवरची सगळी रूपं नावानिशी समोर येतात. एचटीएमएल हवं की आरटीएफ की साधा मजकूर, हे उघड विचारणारा हा प्रोग्रॅम मला आवडतो. थेट साधा मजकूर हवा तर कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-व्ही. आधीच चिकटवलेल्या मजकुरावरचं थेट फॉरमॅटिंग कंट्रोल-एमने उतरतं, पण त्यात ठळकही जातं.

गूगल डॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्ही म्हणजे साधा मजकूर, आणि मागाहून सफाईसाठी कंट्रोल-बॅकस्लॅश. तीन-चार जणांनी एकाच वेळी मुद्रितं तपासायची असतील तर डॉक्सला पर्याय नाही. पण अंतिम रूप डॉक्समध्ये घडवू नका. तिथे मराठी आणि इंग्रजीसाठी वेगळा फाँट ठरवण्याची सोय नाही, आणि 'एरियल'मध्ये दिसणारं मराठी खरं तर दुसऱ्याच एका फाँटमधून उसनं आणलेलं असतं. फाइल उतरवून वर्डमध्ये उघडली की ते उसनं रूप बदलतं आणि पानांची संख्याही हलते.

मराठीची खास अडचण: एका ओळीत दोन फाँट

वर्ड आणि रायटर दोघेही देवनागरीला 'कॉम्प्लेक्स' लिपी मानतात आणि तिचा फाँट व आकार लॅटिन लिपीपासून वेगळे साठवतात. म्हणून पेस्ट केल्यावर मराठी शब्द एका फाँटमध्ये आणि त्याच ओळीतले इंग्रजी आकडे कॅलिब्रीमध्ये दिसतात. देवनागरी आकडे मराठी फाँटकडे जातात, इंग्रजी आकडे लॅटिन फाँटकडे. फोन नंबर आणि वर्गणीचे आकडे एकाच पानावर दोन वळणांत दिसतात ते त्यामुळेच.

दर वेळी मजकूर निवडून फाँट बदलत बसणं हा याचा इलाज नाही. स्टाइल एकदाच नीट करा. वर्डमध्ये 'नॉर्मल' स्टाइलवर उजवी टिचकी, 'मॉडिफाय', त्यातून फाँटची चौकट: तिथे लॅटिन आणि कॉम्प्लेक्स असे दोन भाग असतात. दोन्हींत एकच फाँट द्या, उदाहरणार्थ मुक्ता किंवा आयआयटी मुंबईचा शोभिका. दोन्हींत रोमन अक्षरंही आहेत, त्यामुळे ओळ एकसंध दिसते. कॉम्प्लेक्सचा भाग दिसतच नसेल तर 'ऑप्शन्स'मधल्या 'लँग्वेज'मध्ये लेखनाची भाषा म्हणून मराठी जोडा. रायटरमध्ये हेच एफ-११ दाबून मूळ परिच्छेद-स्टाइलच्या फाँट पानावर करता येतं. इतकं झालं की मर्ज किंवा साधा मजकूर, काहीही चिकटवा, तो या स्टाइलमध्ये येऊन बसतो.

मजकूर कुठून येतो त्यावर

व्हॉट्सॲपवरून एकच संदेश कॉपी केला तर फक्त मजकूर येतो. अनेक संदेश एकदम निवडले तर प्रत्येकाआधी तारीख, वेळ आणि नाव चिकटतं, म्हणून एकेक घ्यावा. ठळक शब्दांभोवतीच्या चांदण्या तशाच राहतात. वर्डमध्ये त्यावर एक जुनी सोय आहे: ऑटोकरेक्टच्या पर्यायांत 'ऑटोफॉरमॅट' पानावर चांदण्यांमधल्या शब्दाला खरोखर ठळक करण्याचा पर्याय असतो. बाकीच्या खुणा काढून फक्त तो ठेवा, लेख कोऱ्या फाइलमध्ये घ्या आणि कंट्रोल-ऑल्ट-के दाबा. आधी एका परिच्छेदावर करून पाहा.

वेबवरच्या मजकुराचा त्रास दोन प्रकारचा. पहिला म्हणजे करडी पार्श्वभूमी. लोक हायलाइट काढून पाहतात आणि ती जात नाही, कारण ते हायलाइट नसून 'शेडिंग' असतं. कंट्रोल-स्पेस अक्षरांवरचं काढतं, कंट्रोल-क्यू परिच्छेदावरचं. दुसरा त्रास ताणलेल्या ओळींचा: मजकूर दोन्ही बाजूंनी सरळ केला की मधल्याच एखाद्या ओळीत तीन शब्द पानभर पसरतात. तिथे परिच्छेद संपलेला नसतो, शिफ्ट-एंटरची तुटक ओळ असते. वर्डच्या 'रिप्लेस'मध्ये शोधायच्या जागी शिफ्ट-६ वरचं ^ चिन्ह आणि त्याला लागून इंग्रजी छोटा एल लिहा, बदलायच्या जागी ^ आणि छोटा पी. एका फटक्यात सगळ्या ओळी सुटतात.

जुन्या फाँटमधल्या मजकुराला मात्र वरचा सल्ला उलटा लागू होतो. कृतिदेव, श्रीलिपी किंवा सीडॅकच्या आयएसएममधल्या फाँटांत दिसणारं मराठी आतून रोमन चिन्हांचं असतं. कृतिदेवमधल्या 'मराठी' या शब्दाचा साधा मजकूर घेतला तर ई, जे, के, बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरं उरतात. इथे सुरुवातीला मूळ रूपच ठेवायचं, फाँटचं नाव वाचायचं, त्याच फाँटसाठी असलेल्या परिवर्तकातून युनिकोड (आजच्या सगळ्या प्रोग्रॅमना कळणारं प्रमाण रूप) करून घ्यायचं, आणि मग ते साध्या रूपात आपल्या फाइलमध्ये आणायचं. कृतिदेवचा परिवर्तक श्रीलिपीला चालत नाही. लेखात मध्ये मध्ये इंग्रजी शब्द असतील तर परिवर्तक त्यांचंही मराठी करायला जातो, म्हणून ते आधी बाजूला काढा.

परिवर्तनानंतर 'पुऱ्या', 'दऱ्या', 'सुऱ्या' हे शब्द शोधून तपासाच. यातला अर्धा र अनेकदा एका अदृश्य जोडचिन्हावर उभा असतो. ते चिन्ह गळलं की 'दऱ्या'चं 'दर्या' होतं, म्हणजे डोंगरातून थेट समुद्रात. शुद्धलेखन तपासनीस दोन्ही शब्द बरोबर मानू शकतो, म्हणून हे माणसानेच पाहायला हवं.

पीडीएफमधून मराठी कॉपी करणं शक्य तितकं टाळा. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार आणि त्यांच्या जागा असतात, टाइप केल्याचा क्रम असेलच असं नाही. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी काढलेली असते, म्हणून 'किती'चं 'िकती' होतं, आणि जोडाक्षरं कुठे कुठे नाहीशी होतात. कोणत्याही पेस्टने हे सुधारत नाही. लेखकाला मूळ फाइल मागा. ती नसेलच तर पीडीएफ गूगल ड्राइव्हवर चढवून 'ओपन विथ गूगल डॉक्स' करा. तिथे पानाचं चित्र वाचून मजकूर तयार होतो. छापील पान स्वच्छ असेल तर कॉपी केलेल्या मजकुरापेक्षा हा बराच कमी दुरुस्तीचा निघतो.

मग निवड काय?

वर्ड हाताशी असेल तर संकलन वर्डमध्ये करा, मर्ज कायमचं लावून. पैसे न मोजता काम करायचं असेल तर रायटर, आणि त्यात साधा मजकूर चिकटवून ठळक शब्द मूळ लेख पाहून पुन्हा द्या. वेळ जास्त लागेल, पण स्टाइलींवर रायटरची पकड पक्की आहे आणि लांब अंकाला ती उपयोगी पडते. डॉक्स फक्त तपासणीसाठी.

पण हे ठरवण्याआधी डीटीपी करणाऱ्याला, म्हणजे छपाईसाठी पानं लावणाऱ्याला, एक फोन करा. तो युनिकोड घेऊन इनडिझाइन या पानं लावण्याच्या प्रोग्रॅममध्ये काम करत असेल तर तुमची शीर्षकं, मजकूर आणि ठळक शब्द स्टाइलींसकट त्याच्याकडे जातील, आणि मर्जने वाचवलेलं सगळं छपाईपर्यंत टिकेल. त्याच्याकडे 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर (इनडिझाइनमधली देवनागरीसारख्या लिपी नीट जुळवणारी सोय) चालू आहे ना, एवढं विचारून घ्या, नाही तर जोडाक्षरं तुटतात. तो अजून श्रीलिपीतच पानं लावत असेल तर परिवर्तनात तुमचं ठळक-तिरपं बहुधा जाणारच. तिथे सुरुवातीपासून साधा मजकूर घ्या, आणि कुठले शब्द ठळक हवेत ते पेनाने खुणा केलेल्या छापील प्रतीवर द्या.