आयओएस २६: काच देखणी, अक्षरं पुसट

सप्टेंबर २०२५मध्ये आलेलं हे अपडेट आयफोन ११ आणि त्यापुढच्या मॉडेलांनाच मिळतं. त्यातलं 'लिक्विड ग्लास', म्हणजे पडद्याचं काचेसारखं पारदर्शक नवं रूप, दिसायला सुरेखच, पण वॉलपेपर फिकट किंवा गजबजलेला असला की नोटिफिकेशनची अक्षरं चित्रात हरवतात. त्यामुळे २६.१ किंवा त्यापुढचं अपडेट टाकून घ्याच. मग सेटिंग्ज, डिस्प्ले अँड ब्राइटनेस, लिक्विड ग्लास इथे 'टिंटेड' (कमी पारदर्शक) निवडा. तेवढ्याने भागलं नाही, तर अ‍ॅक्सेसिबिलिटीतल्या डिस्प्ले अँड टेक्स्ट साइझमध्ये 'रिड्यूस ट्रान्सपरन्सी' सुरू करा. घरातल्या वयस्करांच्या फोनवर तर आधीच करून द्या. अपडेटनंतर पहिले काही दिवस बॅटरी लवकर उतरते, कारण मागे इंडेक्सिंग (शोधासाठी फोनमधल्या गोष्टींची सूची बनवणं) चालू असतं. २६.१पासून अलार्म बंद करायला बटण सरकवावं लागतं, त्यामुळे झोपेत चुकून बंद होत नाही. फार बरं केलं!